वाढप्याचा चेहरा : उपाहारगृहातील खूनकथेचा इतिहास

१७९३ सालच्या जानेवारी महिन्याच्या २० तारखेस पॅरिसमधील पाले-रॉयालच्या आवारात, फेव्रिए नावाच्या उपाहारगृहात, ल पेलतिए द सँ-फार्जो हा लोकप्रतिनिधी जेवावयास गेला होता. सोळाव्या लुईला देहान्त शासन द्यावे असे मत त्याने कन्व्हेन्शनमध्ये दिले होते. राजाच्या रक्षकदलात पूर्वी नोकरीस असलेल्या पारी नावाच्या इसमाने त्याला तेथे गाठले आणि त्याच्यावर तलवार चालविली. दुसऱ्या दिवशी राजाचा शिरच्छेद झाला. दाव्हिदने ह्या हत्येवर काढलेले चित्र आज उपलब्ध नाही. पण त्याच्या प्रतिकृतींवरून त्याची कल्पना येते. हुतात्म्याचा देह शय्येवर विसावलेला आहे आणि वर तलवार लोंबते आहे. उपाहारगृह चित्रात कोठेच नाही. टेबल नाही, बिल नाही, वाढपी नाही.

चित्रकाराने हे सारे गाळले हे स्वाभाविकच होते. हुतात्म्याला बशीशेजारी मरण शोभत नाही. तरीही ही हत्या उपाहारगृहात इतक्या सहजपणे घडू शकली, त्याला कारण त्या संस्थेच्या रचनेतच होते. १७६० नंतर पॅरिसमध्ये ही नवी संस्था रुजू लागली. त्यापूर्वीच्या खाणावळीत ठरलेल्या वेळी सर्वांनी एका लांब टेबलाभोवती बसावे व पुढे येईल ते खावे, अशी रीत होती. उपाहारगृहात प्रत्येकाचे टेबल वेगळे झाले, पदार्थांची आणि दरांची यादी हाती आली, आणि खिशात पैसे असलेल्या कोणाही अनोळखी माणसाला कोणत्याही वेळी आत येण्याची मुभा मिळाली. पारीला तेथे कोणी नाव विचारले नाही. अनोळखी माणसांनी एकमेकांच्या शेजारी बसून निर्धास्तपणे जेवावे, हा ह्या संस्थेचा मूळ करार. आणि नेमका तोच करार मोडल्याची कथा पुढे एका स्वतंत्र कथाप्रकाराने सांगितली.

रहस्यकथेचा उगमही अशाच अनोळखी गर्दीत आहे. एडगर ॲलन पो ह्याची पहिली रहस्यकथा १८४१ची; पण तिच्या आधीच, १८४०च्या एका कथेत, त्याचा निवेदक लंडनमधील कॉफीगृहाच्या खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या चेहऱ्यांचे वर्गीकरण करीत असतो. बॅरोनेस ऑर्झीचा ‘कोपऱ्यातला म्हातारा’ चहाच्या दुकानातील टेबल न सोडता खुनांची उकल करतो. ह्या कथांत मात्र खाण्याची जागा ही केवळ बसण्याची जागा आहे. उपाहारगृहाची खरी रहस्यकथा तेव्हा सुरू होते, जेव्हा लेखकाचे लक्ष टेबलावरून उठून झुलत्या दाराकडे, दारापलीकडच्या भटारखान्याकडे जाते. समोर आलेले अन्न कोणाच्या हातून आले, हा प्रश्न विचारला जातो.

घरातील विषप्रयोगाच्या कथेत ह्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. डोरोथी सेयर्सच्या ‘स्ट्राँग पॉयझन’मध्ये (१९३०) मृताने शेवटच्या रात्री जे जे खाल्ले, ते ते दुसऱ्या कोणीतरीही खाल्ले होते, हे पदार्थागणिक सिद्ध करता येते. स्वयंपाकीण आणि मोलकरीण ह्या दोघींना नावे आहेत, त्यांची साक्ष नोंदवली जाते. घराचा स्वयंपाक हा हिशेब लागणारा स्वयंपाक असतो. उपाहारगृहात ग्राहक जे पैसे मोजतो त्यांत हा हिशेब न मागण्याचीही किंमत धरलेली असते. आपल्याकडे म्हणतात की वाढपी ओळखीचा असेल तर शेवटच्या पंगतीला बसले तरी चालते. पंगतीत वाढपी ओळखीचा असू शकतो. उपाहारगृहात तो ओळखीचा नसणे हाच शिष्टाचार आहे.

हा शिष्टाचार रहस्यकथेच्या रूपबंधाशी किती जवळून जुळतो, हे पाहण्याजोगे आहे. तोदोरोव्हने १९६६मध्ये मांडले की रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, जी घडून गेलेली पण संहितेत अनुपस्थित असते, दुसरी तपासाची, जी उपस्थित असते पण स्वतःला फारसे महत्त्व देत नाही. उपाहारगृहातही दोन कथा असतात. भटारखान्यात घडून गेलेली, ग्राहकाला न दिसणारी सिद्धतेची कथा. आणि दिवाणखान्यात घडत असलेली, वाढण्याची व खाण्याची कथा. गॉफमन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९५९च्या ग्रंथात दर्शनी भाग आणि पडद्यामागील भाग असा जो भेद केला, त्याच्या उदाहरणांत एका हॉटेलाचा भटारखाना आहे, आणि ऑर्वेलच्या ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’मधील (१९३३) निरीक्षणही आहे. बशा धुण्याचे काम केलेल्या ऑर्वेलने पाहिले होते की वेटर दार ओलांडताच त्याचे खांदे, चाल, चेहरा सारे बदलते. घाण आणि शिवीगाळ मागे राहते व गालिच्यावरून एखादा धर्मोपदेशक चालावा तसा तो चालू लागतो. नोकराची भूमिका गॉफमन ‘अव्यक्ती’ ह्या सदरात घालतो : जो समोर असतो, पण उपस्थितांत मोजला जात नाही.

समोर असूनही न मोजला जाणारा माणूस रहस्यकथाकाराला मिळाला, तर तो त्याचे काय करील? इंग्रजी रहस्यकथेने सुरुवातीला त्याचा मुखवटा केला.

चेस्टरटनची ‘द क्वीअर फीट’ ही फादर ब्राउनची कथा १९११च्या संग्रहात आहे. तीत खून नाही, चोरी आहे. तरीही ह्या परंपरेचा आरंभ तिच्यापासूनच मानला पाहिजे. लंडनमधील एका अतिखासगी हॉटेलात बारा बड्या सभासदांच्या मंडळाचे वार्षिक भोजन आहे आणि बारा जणांसाठी पंधरा वेटर आहेत. सभासद आणि वेटर दोघांच्याही अंगावर काळा कोटच. चोर एवढेच करतो की सभासदांमधून जाताना वेटरसारखा चालतो आणि वेटरांमधून जाताना साहेबासारखा. दोन्ही वर्ग एकमेकांकडे पाहतच नाहीत, ह्यावर त्याची सारी युक्ती उभी आहे. शेजारच्या खोलीत लिहीत बसलेला पाद्री केवळ पावलांच्या आवाजावरून हे ओळखतो. तो तेथे का आला आहे, हे मात्र वाचक बहुधा विसरतो : त्या दुपारी हॉटेलातील एका इटालियन वेटरला पक्षाघात झाला, त्याची अखेरची इच्छा लिहून घेण्यासाठी पाद्र्याला बोलावले आहे. वेटर मरतो, भोजन चालू राहते. चेस्टरटनला हा विरोध पुरेपूर कळलेला आहे. चांदीचे काटे परत मिळाल्यावर मंडळाचा एक सभासद ठरवतो की यापुढे आपण हिरवे कोट घालू, म्हणजे कोणी आपल्याला वेटर समजणार नाही. ह्या प्रकरणातून त्या वर्गाने घेतलेला धडा एवढाच.

चेस्टरटनचा उपरोध पुढच्या पिढीत तंत्र म्हणून उरला. व्हॅन डाइनने १९२८मध्ये रहस्यकथेचे वीस नियम सांगितले; नोकराला गुन्हेगार करू नये, तो फार सोपा उपाय होय, गुन्हेगार कोणी योग्यतेचा माणूस असला पाहिजे, असा त्यांतील अकरावा नियम आहे. वरवर पाहता हा वाचकाशी प्रामाणिक खेळ खेळण्याचा नियम. वस्तुतः तो कथेतील नागरिकत्वाचा नियम आहे. संशय घेण्याइतकीही ज्याची योग्यता नाही, त्याच्या वेषात मग ‘योग्यतेचा’ खुनी सुखेनैव वावरू शकतो. अगाथा ख्रिस्तीची ‘यलो आयरिस’ ही कथा आणि तिचा विस्तार करून लिहिलेली ‘स्पार्कलिंग सायनाइड’ (१९४५) ही कादंबरी ह्याचे चोख उदाहरण होय. लक्झेंबर्ग नावाच्या उंची उपाहारगृहात वाढदिवसाच्या भोजनात एक स्त्री शँपेनमधील सायनाइडने मरते. वर्षभराने तिचा नवरा तोच प्रसंग, तेच टेबल, तेच पाहुणे पुन्हा जमवतो आणि स्वतःच मरतो. टेबलावरचा प्रत्येकजण संशयित आहे. विष घालणारा मात्र वेटरचा वेष घेऊन आला व गेला. त्याला सर्वांनी पाहिले आणि कोणीच पाहिले नाही. येथवरची युक्ती चेस्टरटनची. ख्रिस्तीचे खास वैशिष्ट्य पुढे आहे. नाचून परत येताना मंडळी आपापल्या जागा एका पर्सवरून ओळखतात. खाली पडलेली ती पर्स एका खऱ्या वेटरने उचलून चुकीच्या जागी ठेवलेली असते, म्हणून सारे वर्तुळ एका खुर्चीने सरकते आणि भलत्याच माणसापुढे विषाचा पेला येतो. अख्ख्या कादंबरीत ज्याला कोणी विचारात घेतले नाही, अशा हाताच्या एका सौजन्याने एक जीव वाचतो व एक जातो. खोटा वेटर खुनी ठरतो; खरा वेटर अपघात ठरतो. दोघांपैकी कोणीही माणूस ठरत नाही.

वास्तवात ह्याच काळात दारापलीकडून काही वेगळे निरोप येत होते, आणि कथेने त्यांची दखल घेतली नाही हे नोंदवले पाहिजे. फेब्रुवारी १९१६मध्ये शिकागोच्या युनिव्हर्सिटी क्लबात नव्या आर्चबिशपच्या सन्मानार्थ मेजवानी होती. सूपमध्ये आर्सेनिक निघाले. शंभराच्या आसपास पाहुणे आजारी पडले. संशय जाँ क्रोन ह्या नावाने काम करणाऱ्या साहाय्यक आचाऱ्यावर गेला. तो अराजकवादी होता, त्याचे नाव खोटे होते, आणि तो कधीच सापडला नाही. दोन वर्षांनी त्याच शहरात काही वेटरांना अटक झाली. बक्षिशी न देणाऱ्या गिऱ्हाइकांच्या अन्नात ते वांतीकारक पूड घालीत, असा आरोप होता. ह्या दोन्ही घटनांत वेटर किंवा आचारी हा कोणाचा मुखवटा नव्हता. त्याचा स्वतःचा राग होता. सुवर्णयुगातील रहस्यकथेला असा राग परवडण्याजोगा नव्हता. तिला हेतू हवा होता तो वारसाहक्काचा, प्रेमाचा किंवा ब्लॅकमेलचा. बक्षिशीसाठी विष ही कल्पना तिला हास्यास्पद वाटली असती; शिकागोतील जेवणाऱ्यांना ती तशी वाटली नसावी.

ह्या पार्श्वभूमीवर रेक्स स्टाउटच्या ‘टू मेनी कुक्स’ (१९३८) ह्या कादंबरीचे महत्त्व कळते. खाद्यरहस्यकथेच्या बहुतेक इतिहासांत तिला आद्यस्थान मिळते, पण ते चुकीच्या कारणासाठी : तीत उत्तम पदार्थ आहेत म्हणून. नीरो वुल्फ हा अगडबंब, घर न सोडणारा, खवय्या गुप्तहेर ह्या वेळी घर सोडून रेल्वेने वेस्ट व्हर्जिनियातील कनावा स्पा येथे जातो. जगातील पंधरा श्रेष्ठ आचाऱ्यांच्या मंडळाचा तेथे मेळावा आहे आणि अमेरिकेने पाककलेला काय दिले, ह्यावर वुल्फचे व्याख्यान आहे. त्याचा खरा स्वार्थ निराळा : जेरोम बेरिन ह्या आचाऱ्याकडून एका विशिष्ट सॉसेजची कृती मिळवणे. मेळाव्यात एक पैज लागते. एकाच सॉसचे नऊ नमुने, प्रत्येकात नऊपैकी एक मसाला वगळलेला. कोणत्यात काय नाही, ते चाखून ओळखायचे. चाखण्याच्या ह्या फेऱ्या चालू असतानाच सॉस बनवणारा लाझियो पडद्याआड भोसकून मारलेला सापडतो.

वगळलेले ओळखण्याची ही परीक्षा कादंबरीचे रूपकच आहे. स्टाउटला ते अभिप्रेत होते की नाही, हा प्रश्न गौण. कारण पुढे तपासातून जे वगळले गेले आहे ते म्हणजे भटारखान्यातील आणि वाढपकामावरील कृष्णवर्णीय नोकर. स्थानिक शेरीफ त्यांना दमदाटी करतो आणि रिकाम्या हातांनी परततो. वुल्फ त्यांना रात्री आपल्या खोलीत बोलावतो, बसावयास सांगतो, त्यांच्यासाठी पेये मागवतो आणि त्यांच्याशी समान नागरिकांशी बोलावे तसे बोलतो. एखाद्या माणसाला केवळ त्याच्या वर्णामुळे पाठीशी घालणे म्हणजे ज्या भेदाचा तुम्हाला जाच होतो तोच भेद बळकट करणे होय, असा त्याचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद आज निर्दोष वाटत नाही. तो एका गोऱ्या पाहुण्याने केलेला आहे, आणि पोलिसांवर अविश्वास ठेवण्याची त्या माणसांजवळ जी कारणे होती, त्यांचे वजन तो कमी लेखतो. निवेदक आर्ची गुडविन तर त्या माणसांचा उल्लेख ज्या शब्दांनी करतो ते आज वाचवत नाहीत. तरीही ह्या दीर्घ प्रकरणात काहीतरी अपूर्व घडते. पॉल व्हिपल नावाचा, सुटीत वेटरचे काम करणारा विद्यापीठाचा विद्यार्थी तोंड उघडतो, आणि ह्या मंडळींच्या साक्षींतून उलगडते की गणवेश घातलेला जो ‘नोकर’ त्या वेळी जेवणघरात दिसला, तो मुळात गोरा होता; त्याने तोंडाला बुचाची काजळी फासली होती.

म्हणजे युक्ती चेस्टरटनचीच आहे, खुनी येथेही वाढप्याच्या वेषात आला आहे. एका मोठ्या हॉटेलाचा व्यवस्थापक लिगेट ह्याने हिशेब केला होता की गणवेश आणि काळा रंग एवढे असले की चेहरा कोणी पाहणार नाही. पाहुण्यांच्या बाबतीत त्याचा हिशेब बरोबरही ठरला. पण ज्यांच्या वेषात तो आला त्यांनीच त्याला पाहिले. दारापलीकडच्या माणसांना एकमेकांचे चेहरे असतात, ही साधी गोष्ट रहस्यकथेच्या इतिहासात येथे पहिल्यांदा तपासाचा पुरावा होते. तीस वर्षे जो मुखवटा होता तो साक्षीदार होतो. पदार्थांची वर्णने, आचाऱ्यांचे हेवेदावे, सॉसेजची कृती मिळवण्यासाठी वुल्फने केलेला सौदा, हे सारे गमतीचे आहे. कादंबरी टिकली आहे ती ह्या प्रकरणामुळे.

स्टाउट व्हिपलला विसरला नाही. १९६४च्या ‘अ राइट टू डाय’मध्ये तोच व्हिपल, आता मध्यमवयीन प्राध्यापक, मुलाच्या प्रकरणी मदत मागण्यासाठी वुल्फकडे येतो आणि जुन्या ऋणाची आठवण देतो. ह्या मधल्या काळात, १ फेब्रुवारी १९६० रोजी, ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील खाद्यपदार्थांच्या काउंटरवर जाऊन बसले होते आणि त्यांना वाढण्यास नकार मिळाला होता. १९६४मध्येच नागरी हक्कांच्या कायद्याने उपाहारगृहांची दारे सर्वांना उघडी केली. १९३८च्या कनावा स्पामध्ये व्हिपल वाढू शकत होता, जेवू शकत नव्हता. कादंबरी हे कोठेही म्हणत नाही, कारण तेव्हाच्या वाचकाला ते सांगण्याची गरज नव्हती.

मराठी वाचकाला ह्या व्यवस्थेचा अर्थ समजावून देण्याचे कारण नाही. पण एक भेद लक्षात घ्यावा लागतो. कनावा स्पाला स्वयंपाक करणारा हात कोणत्या रंगाचा आहे याची फिकीर नव्हती. तो हात टेबलाशी बसता कामा नये, एवढेच तिचे म्हणणे होते. आपल्या शहरांतील जुन्या पाट्यांवर ‘ब्राह्मणी खाणावळ’ असे लिहिलेले असे, ते ह्याच्या उलट होते. तेथे हात लपवायचा नव्हता, हाताची जात जाहीर करायची होती. एका व्यवस्थेत आचारी अदृश्य असल्यामुळे गिऱ्हाईक निर्धास्त; दुसरीत आचाऱ्याची जात दृश्य असल्यामुळे. चेहरा दोन्हीकडे नाही. राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाला उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, ह्यावरून त्या दाराचे वजन कळते.

स्टाउटने उघडलेले दार पुढे बराच काळ कोणी ओलांडले नाही. स्टॅन्ली एलिनची ‘द स्पेशाल्टी ऑफ द हाउस’ (१९४८) ही ह्या संपूर्ण परंपरेतील सर्वांत घट्ट कथा असेल. तीत दार बंदच आहे आणि बंद असणे हाच तिचा विषय आहे. स्बिरोच्या साध्याशा, काही निवडक पुरुषांनाच प्रवेश असलेल्या उपाहारगृहात कधीतरीच मिळणाऱ्या कोकराच्या मांसाने गिऱ्हाइके वेडावतात. भटारखाना पाहण्याचा मान ही त्यांची परम आकांक्षा. तो मान ज्याला मिळतो तो पुन्हा टेबलाशी दिसत नाही. एलिन काहीच सांगत नाही; वाचक स्वतःच बेरीज करतो. येथे तपास नाही, गुप्तहेर नाही. तोदोरोव्हच्या दोन कथांपैकी दुसरी काढून टाकली तर काय उरते, ते ह्या कथेत दिसते. न पाहण्याचा करार इतक्या टोकाला नेला आहे की खाणाराच अखेर न दिसणाऱ्या बाजूला जातो.

सत्तरच्या दशकात आचारी दिवाणखान्यात आला. फ्रान्समध्ये नव्या पाककलेचा गाजावाजा झाला, पॉल बोक्यूजला १९७५मध्ये राष्ट्राचा मोठा सन्मान मिळाला, आचाऱ्यांची छायाचित्रे नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकू लागली. रहस्यकथेने त्याची पावती आपल्या पद्धतीने दिली : तिने आचाऱ्यांना मारावयास सुरुवात केली. नॅन व आयव्हन लायन्स ह्यांच्या ‘समवन इज किलिंग द ग्रेट शेफ्स ऑफ युरोप’मध्ये (१९७६), आणि तिच्यावरील १९७८च्या चित्रपटात, प्रत्येक आचारी त्याला ज्या पदार्थाने कीर्ती मिळाली त्याच पदार्थाच्या रीतीने मारला जातो. विनोद बटबटीत आहे, पण त्यात एक सामाजिक सत्य आहे. खून होण्यासाठी आधी कोणीतरी असावे लागते. लाझियोही आचारीच होता, परंतु तो मेला एका स्त्रीपायी. लायन्स दांपत्याचे आचारी मरतात ते आचारी म्हणून. मायकेल बाँडच्या मस्य पांप्लमूस ह्या खाद्यनिरीक्षकाच्या कथा (१९८३पासून) ह्याच समृद्धीच्या काळातील. पहिल्याच कादंबरीत झाकण उघडताच कोंबडीऐवजी माणसाचे शिर निघते आणि तरीही सारे हसण्यावारी जाते. प्रतिष्ठा मुख्य आचाऱ्याला मिळाली. भांडी घासणारा होता तेथेच राहिला.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेत व्हर्जिनिया रिच आणि डायान मॉट डेव्हिडसन ह्यांनी लोकप्रिय केलेल्या प्रकाराविषयी थोडक्यात बोलणे पुरे. डेव्हिडसनच्या ‘केटरिंग टू नोबडी’ची (१९९०) नायिका मेजवान्यांची कंत्राटे घेते, तिच्या अन्नावर संशय येतो म्हणून तिला तपास करावा लागतो, आणि कादंबरीच्या ओघात पाककृती छापलेल्या असतात. पाककृती ही येथे हमी आहे : पाहा, आत काय घातले ते सारे सांगितले आहे. बार्थने १९५७मध्ये सचित्र साप्ताहिकांतील चकचकीत पाककृतींविषयी जे म्हटले होते, की त्या खाण्यासाठी नसून पाहण्यासाठी असतात, ते येथे पुरते लागू होत नाही. ह्या कृती खरोखर करता येतात. तरीही परिणाम तोच. जो प्रश्न कथेने उभा केला तो मोजमापांत विरघळतो. आचारी, मालक, वाढपी आणि गुप्तहेर एकच स्त्री असल्यावर झुलते दार उरतच नाही. ह्या कथांनी स्वतःच्या कमाईवर जगणारी, घटस्फोटित, कष्टाळू स्त्री केंद्रस्थानी आणली हे त्यांचे श्रेय मोठे आहे. उपाहारगृहाविषयी मात्र त्यांना फारसे काही कळलेले नाही.

ते ज्याला कळले होते तो लेखक भटारखान्यातूनच आला. अँथनी बोर्डेनची ‘बोन इन द थ्रोट’ (१९९५) ही कादंबरी त्याच्या गाजलेल्या आठवणींच्या पुस्तकापूर्वी पाच वर्षे प्रसिद्ध झाली आणि त्या यशाच्या सावलीत झाकली गेली. न्यूयॉर्कमधील एका उपाहारगृहाचा दुय्यम आचारी टॉमी, गुन्हेगारी टोळीतील आपल्या मामासाठी रात्री भटारखाना उघडा ठेवतो आणि तेथे माणूस मारला जाताना पाहतो. मुख्य आचाऱ्याला हेरॉइनचे व्यसन आहे. मालक तपासयंत्रणेच्या हातातले बाहुले आहे. खुनी कोण, हा प्रश्नच नाही. तो टॉमीला पहिल्यापासून ठाऊक आहे. प्रश्न आहे तो साक्ष द्यायची की नाही, हा. म्हणजे व्हिपलचा प्रश्न. फरक इतकाच की तो आता कादंबरीच्या मध्यभागी आहे आणि त्याला समजावणारा कोणी वुल्फ नाही. रहस्य जाते आणि त्या जागी काम येते : भाजलेले हात, पहाटेचे मासे, रात्री अकराला संपणारी धावपळ. ज्या ओट्यावर प्रेताची विल्हेवाट लागते त्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कांदा चिरायचा असतो. रचनेच्या दृष्टीने कादंबरी सैल आहे, टोळीवाल्यांचे संवाद चित्रपटांतून आल्यासारखे वाटतात. भटारखान्याची पाने मात्र ऑर्वेलनंतरची सर्वांत खरी पाने आहेत.

वाढप्याला गुप्तहेर करण्याचा प्रयोग त्याआधी एकदा झाला होता. आयझॅक ॲसिमॉव्हच्या ब्लॅक विडोअर्स मंडळाच्या कथांत (१९७२पासून) दरमहा एका उपाहारगृहाच्या खासगी दालनात विद्वान मंडळी कोडे सोडवावयास बसतात. सारे हरले की वेटर हेन्री हलकेच उत्तर सांगतो. मंडळी त्याला आपल्यातलाच एक मानतात. तरी तो कधी खुर्चीत बसत नाही. उत्तर देऊन झाले की ब्रँडी ओततो. ॲसिमॉव्हला ह्यात विसंगती दिसलेली नाही, आणि पन्नासहून अधिक कथांत ती कोणा पात्रालाही दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत ही जागा स्थलांतरितांनी घेतली आहे. मिया मनान्सालाच्या ‘आर्सेनिक अँड अडोबो’मध्ये (२०२१) अमेरिकेतील एका फिलिपिनो कुटुंबाच्या उपाहारगृहात खाद्यसमीक्षक जेवता जेवता मरतो, आणि त्या परक्या भटारखान्यावर संशय घ्यावयास पोलिसांना फार वेळ लागत नाही. त्याच वर्षीच्या अजय चौधरी ह्यांच्या ‘द वेटर’चा नायक कामिल रहमान हा कोलकाता पोलिसांतील बदनाम होऊन नोकरी गमावलेला अधिकारी, लंडनच्या ब्रिक लेनमधील एका भारतीय उपाहारगृहात तो वाढपकाम करतो. एका धनाढ्याच्या मेजवानीत वाढावयास जातो आणि यजमान मेलेला सापडतो. कामिलच्या तपासाचे भांडवल म्हणजे त्याचा गणवेश. त्याच्यासमोर लोक बोलतात, कारण तो तेथे नसतो. चेस्टरटनच्या चोराने जे वापरले तेच हा वापरतो. मात्र येथे वेष काढून ठेवण्याजोगा नाही. रात्री परतल्यावर त्याला त्याच उपाहारगृहाच्या आसऱ्याला जायचे आहे, आणि जो अनुभव त्याच्यापाशी आहे त्याचा लंडनमध्ये काही उपयोग नाही.

मधल्या काळात दारच निघाले. लॉस एंजेलिस परिसरात १९८२मध्ये सुरू झालेल्या स्पागोसारख्या उपाहारगृहांनी भटारखाना गिऱ्हाइकांसमोर उघडा मांडला आणि ती पद्धत जगभर गेली. २०२२च्या ‘द मेन्यू’ ह्या चित्रपटात बेटावरील एका अतिमहागड्या उपाहारगृहाचा मुख्य आचारी पाहुण्यांना एकेक पदार्थ वाढत वाढत त्यांच्या मृत्यूकडे नेतो. पाहुण्यांची टेबले आणि चुली ह्यांच्यामध्ये भिंत नाही. पांढऱ्या कपड्यांतील सारे मदतनीस नजरेसमोर काम करीत असतात. भोजनाच्या मध्यावर त्यांच्यातला एक तरुण आचारी पुढे बोलावला जातो. त्याची उणीव काय, हे मुख्य आचारी सर्वांदेखत सांगतो. तरुण पिस्तूल तोंडात घालतो आणि चाप ओढतो. काही पाहुण्यांना वाटते की हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि ते पुढच्या पदार्थाची वाट पाहतात.